मिशन शिबिराला निघण्याआधी

आमच्या नगरच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण संघाची मुलंमुली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात मिशन प्रशिक्षण शिबिराला जातात. सकाळी वर्ग, दुपारनंतर तिथल्या पाळकांबरोबर (चर्चच्या धर्मगुरूंबरोबर) गावभेटी. मी मिशन दवाखान्यात नर्स होते, आता या मुलांची तयारी करून घेते. सामानाची यादी तुम्हाला फॉर्मसोबत मिळेलच. माझं सांगणं जास्त करून यादीत नसलेल्या गोष्टींबद्दल आहे. तुम्ही तिथे पाहुणे म्हणून जाताय. मावची आणि भिल्ल आदिवासींच्या मंडळ्यांना त्यांचे पाळक आहेत, त्यांच्या बोलीत त्यांची गाणी आहेत. त्यांच्यावर भार न होता त्यांच्याकडून शिकता यावं, यासाठी ही सगळी तयारी.

एक महिना आधी बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान सुरू करा. अध्याय 16 आहेत, रोज एक घेतला तरी जवळजवळ दोनदा वाचून होईल. मग लूकचा दहावा अध्याय सावकाश वाचा. प्रभू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, झोळी घेऊ नका म्हणतो, एका घरात उतरलात की तिथेच राहा, पुढ्यात वाढतील ते खा, असं सांगतो. जेवणाचं हे वचन मी मुलांकडून अक्षरशः पाळून घेते. तिकडे ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, कधी सुकट मिळेल. ज्याला घरी रोज पोळी आणि वर लोणचं-पापड लागतं, त्याने हा महिनाभर भाकरी आणि एकच कालवण यावर राहायची सवय करावी. वाढणाऱ्या बाईने सकाळपासून राबून ते केलेलं असतं. तुम्ही ताटात बोटं फिरवत बसलात तर तिच्या लगेच ध्यानात येतं, आणि मग तुमच्या साक्षीला, म्हणजे प्रभूने तुमच्या आयुष्यात काय केलं या सांगण्याला, तिच्या लेखी काय किंमत उरणार?

साक्ष मात्र लिहूनच काढा. तीन मिनिटांची, म्हणजे वहीचं जेमतेम एक पान. 'मी पापी होतो, प्रभूने मला तारलं' एवढंच लिहिलंत तर खरं असूनही ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. आमच्या एका मुलीने लिहिलं होतं, "बाबांची नोकरी गेली त्या पावसाळ्यात आई पहाटे उठून प्रार्थना करायची आणि मी तिच्यावर चिडायचे. एकदा ती आजारी पडली, तेव्हा तिच्या जागी मी बसले." तिथून पुढे तिने आपल्यात काय पालटलं ते सांगितलं, आणि अजून काय पालटायचं राहिलंय तेही. अशी साक्ष हवी. लिहून झाली की चर्चला न येणाऱ्या कुणाला तरी ऐकवा, शेजारच्या काकूंना किंवा कॉलेजातल्या मित्राला. त्यांना जिथे कळलं नाही तिथे बदला. मंडळीत 'आमेन' म्हणणारे पुष्कळ मिळतात, त्यांच्यापुढे सराव झाला असं धरू नका. शिवाय तिथे तुमचं बोलणं बहुधा कुणीतरी बोलीत सांगत असेल, म्हणून वाक्यं छोटी ठेवा आणि मध्ये थांबा.

दोन-तीन गीतं तोंडपाठ हवीत, कारण गावात वीज जाते आणि मोबाइलवर शब्द बघत गाणं बरं दिसत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घ्या. आपल्या नगरशी नातं असलेला हा कवी, 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंगाचं वळण त्याने सोडलं नाही. टाळ नि ढोलकी असली की ती रंगतात, काहीच नसेल तर टाळ्यांवरही.

आता माझ्या नर्सच्या नजरेतून. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा, दात दुखत असेल तर आत्ताच दाखवून घ्या. रोजच्या गोळ्या असतील तर जादा दिवसांच्या घ्या, चिठ्ठीची झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात ठेवा. ओआरएसची मोठी पाकिटं घ्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात कालवायचं नाही. मच्छरदाणी आणि बॅटरी विसरू नका. अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि चप्पल झटकून घालायची, साप-विंचवाचा भाग आहे. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. तिथल्या सोबत्यांपैकी कुणाला तो आजार असेल, तर उत्साहाच्या भरात त्याला भर उन्हात चालवू नका, पाणी पाजत राहा.

आजारी माणसासाठी प्रार्थना करायला सांगतील. जरूर करा, मनापासून करा. पण "आता गोळ्यांची गरज नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघता कामा नये. क्षयरोगाचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो, मध्येच सोडला तर रोग बळावतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. प्रार्थना झाली की गोळ्या घेताय ना, ते विचारा. चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे, पाळकांना सांगून पेशंटला तिथे पोहोचवता येतं.

कायद्याचं नीट समजून घ्या, घाबरण्यासाठी नव्हे. घटनेच्या कलम 25 ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणून पैसा, कपडे, औषध यातलं काहीही प्रार्थनेच्या बदल्यात किंवा तिच्या जोडीने द्यायचं नाही. बोलावल्याशिवाय घरात शिरायचं नाही, आईवडील नसताना लहान मुलांशी धर्माचं बोलायचं नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. एखाद्याने "नको" म्हटलं की राम राम करून निघायचं. नवापूर स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत आहे, आणि गुजरातचा धर्मांतराविषयीचा कायदा 2003 पासून वेगळा आहे. पलीकडच्या गावात नातलग असले तरी पाळकांना विचारल्याशिवाय जाऊ नका. लोकांचे, खासकरून मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकणंही बंद.

मंडळीतून दोन जण प्रार्थनेसाठी ठरवा, त्यात एक आजी असू द्या. शिबिराचे दिवस आणि गावांची नावं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिच्या पलंगाजवळ चिकटवून द्या. आजी नावानिशी प्रार्थना करतात, आणि परत आल्यावर प्रत्येक गावाचं काय झालं ते विचारतात.

सामान एकाच सॅकमध्ये, स्वतःला उचलता येईल एवढं. सुती, अंगभर कपडे, ताट-वाटी-पेला, वही, छापील बायबल. आधारची झेरॉक्स, आणि अठराच्या आतल्यांनी पालकांच्या सहीचं पत्र. एसटीने धुळ्याला उतरून पुढची नवापूर गाडी धरा. मुलींनो, 2023 पासून तुम्हाला तिकीट अर्धं आहे, पैसे त्या हिशेबाने काढा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, धुळ्यापर्यंत पुरतील. नवापूरला उतरल्यावर स्टँडवरच थांबा, घ्यायला येणाऱ्यांचा नंबर मोबाइलसोबत वहीतही लिहून ठेवा, आणि घरी एक फोन करा.