लागोपाठचे दोन शेंगेन व्हिसा : मुक्कामाचे दिवस कसे मोजायचे?

नागपुरात धरमपेठ असो की मनीषनगर, मुलगी नाहीतर मुलगा म्युनिकला किंवा अ‍ॅमस्टरडॅमला आहे असं एखादं घर प्रत्येक गल्लीत निघतं. आई-बाबा हिवाळ्यात एकदा जाऊन येतात आणि उन्हाळ्यात पुन्हा निघतात. पहिल्या शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची, मुदत संपलेली असते, दुसरा हातात आलेला असतो. मग घरात ठरतं, ‘नवा व्हिसा, म्हणजे नवे नव्वद दिवस.’ इथेच घोळ होतो. वही नवी घेतली म्हणून वाण्याची मागची बाकी मिटत नाही. व्हिसाचंही तसंच आहे.

आधी स्टिकर नीट वाचा

पासपोर्टवरच्या स्टिकरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली मुदत : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी मुक्कामाचे दिवस : त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. तिसरी प्रवेश : ०१, ०२ किंवा ‘मल्ट’, म्हणजे कितीही वेळा. मुदत सहा महिन्यांची आणि दिवस फक्त तीस, असा व्हिसाही मिळतो. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर बहुधा पंधरा दिवसांची जादा मुदत दिसते. विमान पुढे-मागे झालं तर अडचण नको म्हणून ती असते, मुक्काम वाढवण्यासाठी नाही. एक प्रवेश असताना मध्येच चार दिवस लंडन फिरायला गेलात, तर परत जर्मनीत शिरता येणार नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आयर्लंड आणि सायप्रसही नाहीत. स्वित्झर्लंड मात्र आहे.

मग मागे वळून मोजा

या तिन्हींच्या वर एक नियम आहे, तो स्टिकरवर सापडणार नाही. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस जानेवारी-जूनसारखे ठरलेले नसतात, व्हिसाच्या तारखेपासूनही सुरू होत नाहीत. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागे १८० दिवस जायचं आणि त्यात शेंगेनमध्ये किती राहिलात ते मोजायचं. व्हिसा कितवा, कोणत्या देशाने दिलेला, याचा इथे संबंध नाही. शेंगेनमधले सगळे २९ देश मिळून एकच हिशेब.

उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस, दोन्ही पूर्ण धरतात. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो एक दिवसच. नागपूरहून किंवा मुंबईहून निघाल्याची तारीख मात्र यात येत नाही. फ्रँकफर्टला विमान बदलून मिलानला जाणार असाल, तर प्रवेश फ्रँकफर्टचा.

उदाहरण घेऊ. आई-बाबा १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२६ मुलीकडे राहिले : २२ अधिक २८, एकूण ५० दिवस. दुसरा व्हिसा १ मे ते ३१ ऑक्टोबर, मुक्काम ९० दिवस, प्रवेश ‘मल्ट’. नागपूरचं ऊन चुकवायचं म्हणून १० मेचं तिकीट काढायचा विचार आहे. १० मेला गेले तर चाळीसच दिवस उरतात, म्हणजे १८ जूनला परत निघावं लागेल. १९ जूनला मागे मोजलं तर १८० दिवसांत जानेवारी-फेब्रुवारीचे पन्नासही येतात आणि बेरीज ९१ होते. हातातल्या स्टिकरवर ऑक्टोबरपर्यंतची मुदत आणि ९० दिवस छापलेले असले तरी.

आता तेच तिकीट ३० मेचं काढा. ८ जुलैपर्यंत बेरीज बरोबर ९० होते. ९ जुलैला १० जानेवारीचा दिवस मागच्या १८० मधून गळतो, १० जुलैला ११ जानेवारीचा, आणि रोज एक जुना जातो तसा एक नवा भरतो. असं करत २७ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पूर्ण ९० दिवस राहता येतं. वीस दिवस उशिरा निघाल्याने पन्नास दिवस वाढले! त्यासाठी नवतपाचे बरेचसे दिवस कूलरसमोर काढावे लागतील, पण माझ्या मते सौदा वाईट नाही.

हे कागदावर मांडूनच पाहा, आणि मग युरोपियन आयोगाच्या संकेतस्थळावरच्या मोफत कॅल्क्युलेटरमध्ये त्याच तारखा टाकून ताडून घ्या. एजंटने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर तिकीट काढू नका. शेवटचे तीन-चार दिवस हातचे राखा. परतीचं विमान रद्द झालं तर तेच उपयोगी पडतात.

दुसऱ्या व्हिसाचा अर्ज

पहिला चालू असताना दुसऱ्यासाठी अर्ज करता येतो, पण दोन्हींच्या मुदती एकमेकींवर चढत नाहीत. नवा जुन्यानंतरच सुरू होतो. एकाच मुक्कामात जुना संपून नवा लागणार असेल, तर अर्जासोबतच्या पत्रात दोन्ही तारखा स्पष्ट लिहा. तिथे गेल्यावर वाढवून घेऊ, हा भरवसा धरू नका. गंभीर आजारपणासारखं कारण असल्याशिवाय मुदत वाढत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा. बोटांचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे दुरांतोचं रिझर्वेशन करण्याआधी स्वतः हजर राहावं लागेल का, हे व्हिसा अर्ज केंद्राला विचारून घ्या.

वारंवार जाणाऱ्यांसाठी एक चांगली सोय एप्रिल २०२४ मध्ये झाली. भारतात राहणाऱ्या भारतीयाने मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील, तर त्याला दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा. ९०/१८० मात्र त्यालाही लागू.

‘नियमाप्रमाणे’ हा शब्द आता जास्त जड झाला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर येण्या-जाण्याची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर जाऊ लागली. एक दिवस जास्त झाला तरी तो आपोआप दिसतो आणि पुढच्या अर्जात आडवा येतो. तुमच्याकडे पुरावा हवा म्हणून बोर्डिंग पास फेकू नका; पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.