होम स्क्रीन बदलली? फायर टीव्हीवर या चुका टाळा

संध्याकाळी टीव्ही लावावा आणि होम स्क्रीन ओळखूच येऊ नये, यात चिडण्यासारखं नक्कीच आहे. रिमोटवरच्या बोटांना वर्षानुवर्षांची वाट पाठ झालेली असते आणि ती वाट एका रात्रीत नाहीशी होते. वर मोठी जाहिरात, मधे चिन्हांची पट्टी, आणि रोजची मालिका ज्या ॲपवर लागते ते ॲप कुठेच दिसत नाही. राग रास्त आहे. पण त्या रागाच्या भरात पहिल्या अर्ध्या तासात लोक जे करून बसतात, त्याचं नुकसान नव्या रचनेपेक्षा कितीतरी जास्त असतं.

ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर, म्हणजे टीव्हीला जोडून ॲप्स चालवणाऱ्या छोट्या स्टिकवर, हा मोठा बदल डिसेंबर 2020 पासून आला. आधी तिसऱ्या पिढीची स्टिक आणि स्टिक लाइट, मग 2021 मध्ये आणखी जुनी मॉडेल्स. पूर्वी सगळ्यात वर होम, मूव्हीज, ॲप्स, सेटिंग्ज अशी शब्दांची ओळ होती. ती जाऊन स्क्रीनच्या मधोमध चिन्हांची पट्टी आली आणि सहा प्रोफाइलची सोय झाली. जानेवारी 2026 मध्ये पुढची रचना जाहीर झाली आहे आणि ती टप्प्याटप्प्यानं पोहोचते. म्हणजे ज्यांचं आत्ता कुठे बस्तान बसलंय, त्यांचीही स्क्रीन पुन्हा बदलणार आहे. म्हणून हे नीट वाचा.

फॅक्टरी रीसेट करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि तीच सगळ्यात जास्त केली जाते. "रीसेट मारला की जुनं परत येईल" हा समज कुठून आला कोण जाणे. रीसेटनं फक्त तुमचा डेटा पुसला जातो. स्टिक पुन्हा सुरू झाली की वायफाय मागते, खात्यात लॉगिन करायला लावते आणि उपलब्ध असलेलं ताजं सॉफ्टवेअर स्वतःच उतरवून घेते. होम स्क्रीनवर काय दिसायचं हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरतं. जुनी रचना तुमच्या स्टिकमध्ये कुठे जपून ठेवलेली नसते.

नेहमी घडणारं एक उदाहरण घ्या. आईवडील साताऱ्याला, मुलगा न्यू जर्सीला. स्टिक मुलानं लावून दिलेली, सगळी ॲप्स त्याच्याच भारतातल्या मोबाइल नंबरवर. एका संध्याकाळी स्क्रीन बदलली आणि मालिकांचं ॲप दिसेना. शेजारचा हुशार मुलगा आला आणि त्यानं बॅक आणि रिमोटचं उजवं बटण दहा सेकंद दाबून रीसेट मारला. अर्ध्या तासानं समोर तीच नवी स्क्रीन, फक्त आता एकही ॲप नाही. वायफायचा पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवरून शोधला. ॲप्स एकेक करून उतरवली. मग प्रत्येक ॲपनं ओटीपी मागितला आणि तो गेला न्यू जर्सीतल्या खणात पडलेल्या सिमवर. साताऱ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतात. घरात दोन दिवस टीव्ही बंद. एका ॲपनं तर उपकरणांची मर्यादा संपली असं सांगितलं, कारण पुसलेली जुनी स्टिक खात्याच्या यादीत अजून तशीच होती आणि ती हातानं काढावी लागली.

आणि मूळ अडचण काय होती? ॲप गेलंच नव्हतं. पट्टीवर सहाच ॲप्सना जागा होती आणि ते सातवं होतं.

रीसेटच्या आधी हे करा. पट्टीच्या उजव्या टोकाजवळ तीन चौकोन आणि अधिकचं चिन्ह असलेलं बटण आहे, ते उघडा. तुमची सगळी ॲप्स तिथे आहेत. हवं त्या ॲपवर जाऊन रिमोटवरचं तीन आडव्या रेघांचं बटण दाबा आणि 'मूव्ह टू फ्रंट' निवडा. ॲप पट्टीवर पहिलं येतं. काम दहा सेकंदांचं आहे. 2026 च्या रचनेत सहाची मर्यादा वाढून वीसवर गेली आहे, त्यामुळे ही तक्रार बरीच कमी व्हावी.

ज्येष्ठांसाठी पट्टी लावताना एक पथ्य पाळा. जे ॲप ते रोज बघतात ते पहिल्या जागी ठेवा आणि नंतर तो क्रम बदलू नका. बरेच ज्येष्ठ चिन्ह बघत नाहीत, बटण किती वेळा दाबायचं ते मोजतात. "होम दाबायचं, मग उजवीकडे इतक्या वेळा" असं स्वतःच्या स्क्रीनवर मोजून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद रिमोटजवळ ठेवा. तुमच्या आवडीचं नवं ॲप पुढे सरकवलंत की त्यांची मोजणी चुकते, आणि ते कुणाला विचारायलाही संकोचतात. चालत असेल तर आवाजाचं बटण दाबून धरून ॲपचं नाव घ्यायला शिकवा. अलेक्साला मराठी येत नाही, पण इंग्रजी किंवा हिंदी वाक्यात ॲपचं नाव घेतलं की काम होतं.

"माझी यादी उडाली"

उडालेली नसते. प्रोफाइल बदललेलं असतं. पाहिलेल्या भागांची नोंद, वॉचलिस्ट आणि शिफारशी प्रोफाइलनुसार वेगळ्या असतात. पट्टीच्या डाव्या टोकाचं गोल चित्र बघा आणि आपलं प्रोफाइल निवडा. घरात दोघंच असाल तर सहा प्रोफाइल उघडून ठेवू नका.

लाँचर बदलण्याची घाई

दुसरी मोठी चूक थोडंफार तंत्र येणाऱ्यांची. व्हिडिओ बघून बाहेरचा लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, टाकायचा आणि मूळ होम स्क्रीन बंद करायची. जाहिरात नको वाटणं मला पूर्ण समजतं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर घरात पाऊल ठेवताच जाहिरात का बघावी? तरीही पाच मिनिटांच्या व्हिडिओवर विसंबून हे करू नका. व्हिडिओवाला पुढच्या अपडेटला तुमच्या घरी येत नाही.

होतं काय ते समजून घ्या. फायर टीव्ही मूळ लाँचर सहजासहजी सोडू देत नाही. बाहेरचे लाँचर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन होम बटण दाबल्यावर मधे घुसतात. म्हणजे मूळ लाँचर चालूच असतो आणि त्याच्यावर दुसरा चालतो. साध्या स्टिकमध्ये रॅम एक जीबी असते. त्यात दोन लाँचर बसवले की होम दाबल्यावर आधी मूळ स्क्रीन क्षणभर चमकते, मग बाहेरची येते, आणि अधूनमधून येतच नाही. हे सहन होत नाही म्हणून लोक पुढची पायरी गाठतात: एडीबी, म्हणजे दुसऱ्या उपकरणावरून स्टिकला आज्ञा देण्याचं साधन, जोडून मूळ लाँचरच निष्क्रिय करायचा. पूर्वी चालणाऱ्या अशा युक्त्या अपडेट्सनी एकेक करून बंद पाडल्या आहेत. जिथे जमतं तिथेही बाहेरचा लाँचर कोसळला की काळा पडदा उरतो आणि होम दाबून कुठेही जाता येत नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा एडीबी जोडावं लागतं, ते त्याच वायफायवर, स्टिकचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा तिचा क्रमांक) माहीत असताना. मधे राउटर बदलला असेल तर तो मार्गही बंद होतो आणि पुन्हा रीसेटच नशिबी येतो.

करायचंच असेल तर तीन पथ्यं. मूळ लाँचर कधीही निष्क्रिय करू नका. सुरुवात करण्याआधी आयपी पत्ता लिहून ठेवा. तो 'माय फायर टीव्ही', 'अबाउट', 'नेटवर्क' इथे दिसतो. आणि काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन एडीबी डीबगिंग बंद करा, ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ते उघडं राहिलं तर बाहेरून घुसखोरी होऊ शकते. 2018 मध्ये एडीबी.मायनर नावाचा किडा नेमका याच उघड्या दारातून फायर टीव्हीवर पोहोचला होता. तो उपकरणाची ताकद आभासी चलन खणायला वापरत असे. व्हिडिओ अडखळायचे, उपकरण मंद व्हायचं आणि स्क्रीनवर मधेच हिरव्या अँड्रॉइडच्या चित्रासह 'टेस्ट' असा शब्द यायचा.

व्हेगा ओएस या ॲमेझॉनच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालणारी नवी स्टिक 4के सिलेक्ट घेतली असेल तर हा विषयच संपतो. तिथे ॲपस्टोअरबाहेरून काही टाकता येत नाही.

सेटिंग्ज न बघताच जाहिरातींवर ओरडणं

वरचा मोठा फलक पूर्ण काढता येत नाही, हे आधी मान्य करा. तो गप्प मात्र करता येतो. सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, मग फीचर्ड कंटेंट. तिथे व्हिडिओ ऑटोप्ले आणि ऑडिओ ऑटोप्ले दोन्ही बंद करा. फलक स्थिर चित्रासारखा राहतो, अचानक आवाज फुटत नाही आणि मर्यादित डेटावर चालणाऱ्या घरात तेवढाच डेटा वाचतो. कुणाच्याही घरी स्टिक लावताना पहिलं काम हेच करावं. कंपनीनंच हे बंद करून द्यायला हवं होतं.

प्रायव्हसी सेटिंग्जमधला 'इंटरेस्ट-बेस्ड ॲड्स' बंद केल्यानं जाहिराती कमी होत नाहीत, फक्त तुमच्या वापरावरून निवडलेल्या येत नाहीत. तरी बंद कराच.

फायर टीव्हीऐवजी गूगल टीव्ही वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या खात्याच्या विभागात आपलं खातं निवडून 'ॲप्स ओन्ली मोड' लावता येतो. शिफारशींच्या बहुतेक ओळी जातात, पण असिस्टंट आणि वॉचलिस्टही बंद होतात. आवाजानं शोधणाऱ्या घरात तो लावू नका. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर 2021 मध्ये मोठे फलक आले तेव्हा लोकांनी प्ले स्टोअरवर एकेक तारा देऊन संताप व्यक्त केला आणि होमचं अपडेट काढून टाकायला सुरुवात केली. अपडेट निघतं, पण प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट चालू असलं की थोड्या दिवसांत परत येतं. आपोआप अपडेट बंद केलं तर बाकीची ॲप्सही जुनी राहतात आणि एक दिवस उघडायचीच थांबतात.

टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक चालवणं

"नवीन स्क्रीन आल्यापासून स्टिक आपोआप बंद-चालू होते" या तक्रारीत बऱ्याचदा दोषी वायर असते. साध्या स्टिकला 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर मिळतो. टीव्हीवरचा यूएसबी 2.0 पोर्ट साधारण 0.5 अँपिअर देतो. जुनी साधी स्क्रीन त्यावर कशीबशी चालून जाते. चलतचित्रं आणि मोठी चित्रं आली की वीज कमी पडते. त्यात टीव्ही बंद केला की बहुतेक पोर्टची वीजही जाते आणि रात्री उतरणारं अपडेट अर्धवट तुटतं. खोक्यातला अडॅप्टर आणि खोक्यातलीच केबल भिंतीच्या सॉकेटला लावा. केबल दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका. स्टिक टीव्हीच्या गरम पाठीला चिकटत असेल तर सोबत आलेला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर वापरा. तो खोक्यात तसाच पडून राहतो.

मंदपणासाठी 'क्लिअर डेटा' दाबणं

साध्या स्टिकमध्ये 8 जीबी साठवण असते आणि त्यातली बरीच यंत्रणाच खाते. जागा संपत आली की नवी होम स्क्रीन रेंगाळते, चित्रं राखाडी चौकोनांसारखी दिसतात. त्यावर ॲपची तात्पुरती साठवण पुसणारं 'क्लिअर कॅशे' दाबायचं, 'क्लिअर डेटा' नाही. 'क्लिअर डेटा'नं लॉगिन जातं आणि वरची साताऱ्याची कथा पुन्हा सुरू होते. रस्ता असा: सेटिंग्ज, ॲप्लिकेशन्स, मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स, मग ॲप. तीन महिन्यांत न उघडलेली ॲप्स काढून टाका आणि एक जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा. नंतर सिलेक्ट आणि प्ले-पॉज ही दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून स्टिक रीस्टार्ट करा. अपडेटनंतरच्या पहिल्या दिवसाची गती बघून निकाल देऊ नका. दोनतीन दिवस थांबा.

उरलेल्या

शेजाऱ्याकडे नवी स्क्रीन आली, आपल्याकडे नाही, म्हणून दर तासाला 'चेक फॉर अपडेट्स' दाबू नका. एकाच घरातल्या दोन सारख्या स्टिकवरही काही आठवडे वेगळी स्क्रीन असू शकते.

सेटिंग्ज सापडत नसतील तर होम बटण तीन सेकंद दाबून धरा. सेटिंग्ज, ॲप्स आणि स्लीप एकाच ठिकाणी येतात.

रिमोटच चालत नाही असं वाटलं तर आधी बॅटरी बदला, मग होम दहा सेकंद दाबून रिमोट पुन्हा जोडा.

शेवटची गोष्ट पैशांची. स्क्रीन बदलली म्हणून घाबरून नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते "ॲक्टिव्हेशन फी" मागतात किंवा मोबाइलचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात. स्टिक नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. मदत हवी तर ॲमेझॉनच्या खरेदीच्या ॲपमधल्या मदत विभागातूनच फोन मागवा, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या त्या रिमोटजवळच्या कागदावर खाली ही ओळही लिहा: टीव्हीसाठी कुणी फोनवर पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा.