हातात कळ, मूळ छातीत: दुखण्याबाबत या चुका टाळा

उत्तरायणचे दोन दिवस गच्चीवर मान वर करून काढले की वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मान-खांदे आखडलेली माणसं घरोघरी दिसतात. नवरात्रात गुडघ्या-पोटऱ्यांची तीच गत. बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. काही मात्र ओळखण्यात चूक झाल्याने जिवावर बेततात किंवा महिनोन्‌महिने रेंगाळतात.

दुखण्याचा संदेश थेट मेंदूत जात नाही. पहिला मज्जातंतू तो पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूच्या मागच्या भागात आणून सोडतो. तिथून दुसरा न्यूरॉन (मज्जापेशी) तो उचलतो. या न्यूरॉनचा तंतू थोडं अंतर चढतानाच विरुद्ध बाजूला जातो आणि मग मेंदूतल्या थॅलॅमस या भागाकडे निघतो. असे वाहक न्यूरॉन मेरुरज्जूतल्या पेशींमध्ये थोडेच असतात. आजूबाजूच्या पेशी संदेश वाढवतात किंवा दाबतात.

दुखतं तिथेच बिघाड आहे असं धरणं

सगळ्यांत घातक चूक हीच. हृदयाकडून येणारे आणि छाती व हाताच्या आतल्या बाजूकडून येणारे तंतू मेरुरज्जूच्या छातीकडच्या वरच्या भागात त्याच वाहक न्यूरॉनांवर येऊन मिळतात. मेंदूला त्वचा-स्नायूंकडून येणाऱ्या संदेशांची सवय असते, म्हणून हृदयाची कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणवते. मग ‘मांजा ओढून हात भरून आला’ म्हणत बाम चोळला जातो आणि मोलाचा तास निघून जातो.

हात हलवल्यावर किंवा दाबल्यावर वाढणारं दुखणं बहुधा स्नायूचं असतं. जिना चढताना येणारी आणि बसल्यावर ओसरणारी कळ, छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ ही हृदयाची लक्षणं. पण दाबून दुखलं म्हणजे हृदय ठीक, असा निष्कर्ष काढू नका. शंका आली की 108 ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. मधुमेहींना आणि वयस्कर लोकांना छातीत दुखणं अजिबात जाणवलं नाही, असंही होतं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात आणि मूत्रखड्याचं जांघेत उतरतं, तेही याच प्रकारचं.

गोळी घेऊन रोज गरबा

दुखऱ्या गुडघ्याकडून मंद गतीच्या तंतूंमार्फत संदेशांचा मारा होत राहिला की वाहक न्यूरॉन तेवढ्याच संदेशाला जास्त जोराने प्रतिसाद देऊ लागतात. मेरुरज्जूची ही वाढलेली संवेदनशीलता संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्रयोगाने दाखवली. ती टिकली तर साधा स्पर्शही दुखू लागतो. गोळीने कळ दबते, पण नाचताना होणारी इजा थांबत नाही. शिवाय उपवासाच्या रिकाम्या पोटी, घाम गेलेला आणि पाणी कमी प्यायलेलं असताना डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक घेतलं तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण येतो. सूज असेल तर दोन-तीन रात्री गरबा सोडा.

उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते: कंबर धरली म्हणून आठवडाभर पलंगावर पडून राहणं. एक-दोन दिवसांनी हळूहळू चालायला लागा.

मज्जातंतूंच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद करणं

गॅबापेंटिन व प्रिगॅबलिन मेरुरज्जूत संदेश पोहोचवणाऱ्या टोकांवर काम करतात. कमी डोसातलं अमिट्रिप्टिलिन वरून खाली येणारा, दुखणं दाबणारा मार्ग बळकट करतं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पॅरासिटामॉलसारखा तासाभरात दिसत नाही. ‘लागू पडत नाही’ म्हणून या गोळ्या स्वतःहून एकदम थांबवू नका. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा असतो.

नागिणीवर उतारे, बधिर पायांवर शेक

नागीण शरीराच्या एका बाजूच्या पट्ट्यात उठते, कारण विषाणू तिथल्या पहिल्या मज्जातंतूच्या गाठीत दडलेला असतो. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावूच नका. चटका बसल्याचा संदेशच वर जात नाही.

कंबर-पाय दुखत असताना मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पायांतली ताकद गेली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.