गाडी 'रिकॉल'मध्ये आहे का, हे कसे पाहावे?

दोष आढळलेल्या गाड्या कंपनी दुरुस्तीसाठी परत बोलावते, त्याला 'रिकॉल' म्हणतात. घरच्या एसयूव्हीत काही बिघाड जाणवला की आधी आरसी बुक काढून चासी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच नसतात; त्यामुळे गोल दिसणारे चिन्ह शून्यच समजावे. मी शून्याऐवजी 'ओ' टाकला होता आणि तिथे माझी गाडी सापडलीच नव्हती. रिकॉल लागू असल्यास दुरुस्ती मोफत होते; सर्व्हिस सेंटरने पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.

रिकॉल नसेल, तरी तक्रार लेखीच द्यावी, कारण मोटार वाहन कायद्यातील कलम ११०अ नुसार मालकांच्या तक्रारींची संख्या ठरावीक प्रमाणापर्यंत पोहोचली, तर सरकार उत्पादकाला वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. 'ब्रेक नीट लागत नाही' एवढेच लिहू नये. कात्रजचा घाट उतरताना पेडल किती खाली गेले, तेव्हा वेग किती होता, गाडीत किती माणसे होती आणि किलोमीटरचा आकडा काय होता, हे सगळे नोंदवावे. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर गाडीच्या तक्रारी ज्यावर लिहून घेते त्या कागदावर, आपलेच शब्द उतरले आहेत, याची खात्री करूनच सही करावी. माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा तोच.

दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष असेल, तर तोवर मुलाबाळांना घेऊन ती गाडी घाटात मुळीच नेऊ नये.