खाडीची भरती हलताना बघायचीय? ३० ग्राफचं एक जिफ असं बनवा

ठाणे खाडीत ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते ती भरतीचं गणित बघूनच, आणि ते गणित रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतं. हे कोणाला ३० वेगळे ग्राफ दाखवून समजवायला गेलात तर चौथ्या ग्राफला समोरचा मोबाईल काढणार, पण तेच ३० ग्राफ एकामागोमाग पळवले की लाट उजवीकडे सरकताना सरळ दिसते. पायथॉन येत असेल तर मॅटप्लॉटलिब (ग्राफ काढणारी लायब्ररी) आणि पिलो (चित्रांवर काम करणारी) एवढंच लागतं.

आधी डेटा. भरतीच्या तक्त्यात फक्त भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची असते, मधलं काही नसतं, आणि ते पॉईंट सरळ रेघेने जोडले तर करवतीचे दात दिसतात, म्हणून प्रत्येक भरती आणि ओहोटीच्या मध्ये अर्धी कोसाईन, म्हणजे लाटेसारखी गोलसर वळणारी रेघ बसवायची. पूर्ण महिन्याची सलग सिरीज आधी बनवा, दिवस नंतर तोडा, नाहीतर मध्यरात्री रेघ तुटते. बरोबर आलंय का ते बघायला आपला जुना हिशोब आहेच, तिथी गुणिले पाऊण, म्हणजे चतुर्थीला ३ आणि अष्टमीला ६ वाजण्याच्या आसपास भरती. तक्ता मुंबईचा असेल तर ठाण्याकडे आत पाणी पोचायला वेळ लागतो हे धरून चाला.

आता लूप. दर दिवसाला नवीन फिगर, ८ बाय ४.५ इंच, डीपीआय १००, म्हणजे ८०० बाय ४५० पिक्सेल. इथे एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, डेटा सोडून काहीही हलता कामा नये. मॅटप्लॉटलिब प्रत्येक ग्राफचा वाय-अक्ष आपल्या मनाने ठरवतं, त्यामुळे उधाणाची (सगळ्यात मोठी) भरती आणि भांगाची (सगळ्यात लहान) भरती सारख्याच उंचीच्या दिसतात आणि सगळी मजाच जाते, म्हणून सेट वायलिम उणे १ ते ६ मीटर आणि सेट एक्सलिम ० ते २४ तास हाताने द्या. सेव्हफिगमध्ये बीबॉक्स इंचेस टाईट लिहायची सवय असेल तर इथे नको, फ्रेमची साईज बदलू शकते. प्रत्येक सेव्हनंतर पीएलटी डॉट क्लोज. २० च्या वर फिगर उघड्या राहिल्या की वॉर्निंग येते आणि रॅम भरत जाते ती वेगळीच.

आदल्या तीन दिवसांच्या रेघा फिक्या राखाडी ठेवा, कुठून कुठे सरकलं ते डोळ्याला लगेच कळतं. फाईलची नावं ००१, ००२ अशी, कारण नुसते आकडे दिले तर सॉर्ट केल्यावर १० नंबर २ च्या आधी येतो.

मराठी टायटल हवं असेल तर थोडा त्रास आहे. डिफॉल्ट फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन येतात, आणि नोटो सान्स देवनागरी लावला तरी मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. त्यापेक्षा ग्राफ बिनटायटलचा सेव्ह करा आणि पिलोच्या इमेजड्रॉने वर मजकूर लिहा, फक्त तुमच्या पिलोत रॅक्म (जोडाक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) आहे का ते फीचर्स डॉट चेकने बघून घ्या.

जोडणं तर दोन मिनिटांचं काम. सगळ्या फाईल इमेज डॉट ओपनने उघडा, पहिल्या फ्रेमवर सेव्ह, त्यात सेव्ह ऑल ट्रू, अपेंड इमेजेसमध्ये बाकीच्या २९, ड्युरेशन २५० (मिलिसेकंद हां, सेकंद नाही) आणि लूप शून्य म्हणजे कायम फिरत राहील, लूप लिहिलंच नाही तर एकदा चालून थांबतं. ड्युरेशनला लिस्टपण चालते, शेवटच्या फ्रेमला १५०० द्या, जरा दम घेऊन परत सुरू होतं. मॅटप्लॉटलिबच्याच फन्कअ‍ॅनिमेशनने पण होतं, पण मला फाईलवालं बरं वाटतं, गडबड कुठल्या दिवशी झाली ते फोल्डर उघडून दिसतं.

फ्रेम कमी करायचा मोह होईल, फाईल लहान होते म्हणून. इथे नका करू. आठवड्याला एक फ्रेम घेतली तर लाट जवळपास सहा तास उडी मारते, म्हणजे जिथे भरती तिथे पुढच्या फ्रेमला ओहोटी, नुसता वरखाली नाच, आणि १५ दिवसांनी एक घेतली तर लाट जागची हललीच नाही असं वाटतं. रोजची एकच फ्रेम ठेवा. साईज कमी करायची तर रंग कमी करा. जिफच्या एका फ्रेममध्ये तसेही २५६ च रंग मावतात, त्यामुळे ग्रेडियंटवाला बॅकग्राऊंड पट्टेपट्टे दिसतो, साधा पांढरा बेस्ट.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल तर सरळ एफएफएमपेगने (व्हिडिओ बदलायचं फुकट टूल) एमपी४ करा, फक्त रुंदी-उंची दोन्ही सम आकड्यात हवी, आपली ८०० बाय ४५० आहेच.