घरगुती डमी लोडमधील दोलने: या चुका टाळा

एलएम३५८ ऑप-अँप, आयआरएफझेड४४एन मॉस्फेट आणि प्रवाह मोजण्यासाठी ०.१ ओहमचा सेन्स रेझिस्टर एवढ्या सामग्रीत, वीजपुरवठा किंवा बॅटरी तपासण्यासाठी स्थिर प्रवाह ओढणारा डमी लोड (कृत्रिम भार) तयार होतो, आणि कागदावर या सर्किटमध्ये बिघडण्यासारखे काही दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र ते अनेकदा काही किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झ वारंवारतेने दोलायमान होते, आणि पहिली चूक येथेच घडते: मल्टिमीटर सरासरी प्रवाह दाखवत असल्यामुळे १ अँपिअरच्या जागी १ अँपिअरच दिसतो आणि सर्व ठीक असल्याचा समज होतो. तारेजवळ हात नेल्यावर आकडा सरकत असेल, तर सेन्स रेझिस्टरवर ऑसिलोस्कोप लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ऑप-अँप सेन्स रेझिस्टरवरील व्होल्टेज ठरवलेल्या मूल्याशी (सेटपॉइंटशी) ताडून मॉस्फेटचे गेट, म्हणजे त्याचे नियंत्रक टोक, चालवतो; दोलनांचे मूळ कारण या फीडबॅकच्या वळशात होणारा विलंब हे आहे. एलएम३५८च्या डेटाशीटनुसार युनिटी गेनला (वर्धन १ असताना) हा ऑप-अँप थेट जोडलेला सुमारे ५० पिकोफॅरडचा भार सांभाळू शकतो; आयआरएफझेड४४एनची इनपुट कपॅसिटन्स मात्र साधारण १४७० पिकोफॅरड आहे. म्हणून गेट थेट ऑप-अँपला जोडू नये, मधे सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर घालावा. दोलने थांबली नाहीत की हाच रेझिस्टर वाढवत नेण्याचा मोह होतो, पण तो १० किलोओहम केला तर गेटच्या कपॅसिटन्ससह त्याचा कोपरा (ज्या वारंवारतेपासून संकेत क्षीण होऊ लागतो ती) जवळपास ११ किलोहर्ट्झवर येतो आणि विलंब उलट वाढतो.

खरा उपाय म्हणजे ऑप-अँपच्या आउटपुटपासून इन्व्हर्टिंग (वजा चिन्हाच्या) इनपुटपर्यंत १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि सेन्स रेझिस्टरपासून त्याच इनपुटपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर. या जोडीतील १ किलोओहम अनावश्यक समजून गाळला जातो. तसे केल्यास इन्व्हर्टिंग इनपुट ०.१ ओहममार्फत जवळजवळ ग्राउंडलाच बांधले जाते आणि कपॅसिटर असून नसल्यासारखा होतो. कपॅसिटरचे दुसरे टोकही ऑप-अँपच्या पिनवरच हवे. ते गेटच्या बाजूला घेतले, तर गेट रेझिस्टरमुळे होणारा विलंब पुन्हा वळशात शिरतो.

१०० मिलिअँपिअरवर सर्किट शांत आहे म्हणून काम संपले असे मानू नये. प्रवाह वाढतो तशी मॉस्फेटची ट्रान्सकंडक्टन्स (गेट व्होल्टेज बदलल्यावर प्रवाह किती बदलतो ते प्रमाण) वाढते आणि वळशाचा गेनही वाढतो. शिवाय ड्रेनवरील (मॉस्फेटच्या ज्या टोकातून प्रवाह आत येतो त्यावरील) व्होल्टेज कमी असताना गेट-ड्रेन कपॅसिटन्स बरीच मोठी होते. त्यामुळे चाचणी कमी आणि जास्त प्रवाहाला, तसेच कमी आणि जास्त व्होल्टेजला घ्यावी लागते.

जोडणीच्या तारांचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, वास्तविक तो आधी करायला हवा. एक मीटर सुट्या तारेत साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) असते, म्हणून तारा आखूड ठेवून एकमेकींना पीळ द्यावा आणि लोडच्या टर्मिनलांवर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर १ ओहमच्या रेझिस्टरसह सिरीजमध्ये जोडावा. नुसता कपॅसिटर लावला, तर तोच तारांच्या इंडक्टन्सशी मिळून घुमू लागतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर बहुधा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेले) असतात आणि त्यांची स्वतःची इंडक्टन्स सेन्सच्या जागी त्रास देते. ऑप-अँपच्या पुरवठा पिनांलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. अनेक मॉस्फेट समांतर लावायचे असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र ऑप-अँप आणि स्वतंत्र सेन्स रेझिस्टर द्यावा.

शेवटी सेटपॉइंटवर छोटी चौरस लहर देऊन सेन्स रेझिस्टरवरील प्रतिसाद पाहावा. कडेला एखादी उसळी चालेल. तीन-चार वेळा थरथर दिसली, तर १० नॅनोफॅरडऐवजी २२ नॅनोफॅरड वापरावेत, मात्र त्यामुळे लोड मंदावतो आणि स्रोत जोडताक्षणी येणारा प्रवाहाचा लोंढा वाढतो. इतके करूनही एखाद्या स्विचिंग पुरवठ्यावर दोलने दिसत राहिली, तर फ्यूज घालून तोच लोड १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर चालवावा: तेथे तो शांत राहिला, तर त्या पुरवठ्याचा फीडबॅक आणि लोडचा फीडबॅक एकमेकांशी झुंजत आहेत, असे समजावे.