व्हिक्टोरियन पबमधील चोऱ्यांचे अभिवाचन कसे बसवावे

बडोद्यातील मराठी मंडळींना अभिवाचनाची गोडी आहे. नेहमीच्या कथा-नाटकांपलीकडे काही हवे असेल, तर त्यांनी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे वृत्तान्त अवश्य पाहावेत. १६७४ ते १९१३ या काळातील हे वृत्तान्त ‘ओल्ड बेली ऑनलाइन’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत पबमध्ये घडलेल्या चोऱ्या-लबाड्या हा त्यांतील सर्वांत रसाळ भाग आहे.

खटला निवडताना सालाकडे लक्ष द्यावे. १८५५ च्या कायद्यानंतर पाच शिलिंगांपर्यंतची चोरी आरोपीच्या संमतीने खालच्या दंडाधिकाऱ्यापुढेच निकालात निघू लागली, म्हणून बिअरचे प्याले चोरल्याचे खटले त्याआधीच्या वर्षांत शोधावेत. हे प्याले कथिलाच्या मिश्रधातूचे असत आणि त्यांवर पबचे नाव कोरलेले असे. पबचा पोऱ्या त्यांतून घरोघरी बिअर पोहोचवी व रिकामे प्याले गोळा करी, त्यामुळे उंबरठ्यावर ठेवलेला प्याला उचलणे अवघड नव्हते.

माझी पसंती मात्र खोट्या नाण्यांच्या खटल्यांना आहे, कारण त्यांत नाट्य आयतेच असते. एक जण दोन पेन्सची बिअर मागून खोटा शिलिंग पुढे करी. बारा पेन्सचा शिलिंग खपला, की प्यायला बिअर आणि वर दहा पेन्स खरी मोड हाती पडे. अंगावर एकच खोटे नाणे ठेवून बाकीची बाहेर थांबलेल्या साथीदाराकडे द्यायची, म्हणजे झडतीत काही सापडू नये, अशी रीत होती. गल्ल्यावरची बाई नाणे दाताखाली धरून किंवा वाकवून पाही. ते वाकले, की पुढचा सारा खटला तिच्या साक्षीवर उभा राहत असे.

भाषांतरात एक अडचण येते. छापताना वकिलांचे प्रश्न बहुधा गाळलेले असल्याने साक्षीदार आपणहून तुटक, असंबद्ध बोलत असल्यासारखा वाटतो. तेथे प्रश्न रचून घालण्याचा मोह टाळावा. वाचकाने त्या जागी क्षणभर थांबावे, म्हणजे ‘नाही, मी तेव्हा प्यालेलो नव्हतो’ अशा उत्तरावरून प्रश्न काय असेल हे श्रोते स्वतःच ओळखतात आणि हसतात. वर्तमानपत्रे पोलीस कोर्टाच्या बातम्यांत ‘हशा’ असे कंसात छापत, या वृत्तान्तांत तो सहसा नसतो. इथला विनोद साक्षीदाराच्या काटेकोर, गंभीर तपशिलात असल्यामुळे आपल्या पदरचे कोटीबाज वाक्य घातले, की तो तत्काळ पातळ होतो. लंडनच्या गरिबांच्या तोंडी ग्रामीण मराठी घालण्याची सवयही सोडावी. त्याने हसू येते खरे, पण ते बोलीला येते, प्रसंगाला नव्हे.

आरोपीचे म्हणणे एक-दोन ओळींचेच असले तरी ते कापू नये. १८९८ पर्यंत आरोपीला सामान्यतः स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याची मुभा नव्हती, म्हणून त्या ओळी हाच त्याचा सारा आवाज आहे. ‘मला ते नाणे खोटे असल्याचे ठाऊक नव्हते’ हे वाक्य रडवे न करता साध्या सुरात वाचावे. कित्येकदा ते खरेही असू शकेल, आणि ही शंका ऐकणाऱ्याच्या मनात राहिली पाहिजे.

गुजरातमध्ये १९६० पासून राज्याच्या स्थापनेपासूनच दारूबंदी असल्याने बडोद्यात वाढलेल्या अनेक श्रोत्यांनी दारूचा गुत्ता आतून पाहिलेला नसतो. म्हणून सूत्रधाराने आरंभीच फळीचा काउंटर, त्यामागचा गल्ला, गिऱ्हाइकांची दाटी आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हा हिशेब थोडक्यात सांगावा. शिलिंगाचे रुपये करून सांगू नयेत. मोडीचे दहा पेन्स म्हणजे आणखी पाच बिअर, एवढे सांगितले तरी पुरते.